ब्रूम जोडला की कोड येतो: कंट्रोलर विकत घ्यायच्या आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुना स्किड लोडर (पुढे बकेट किंवा दुसरी अटॅचमेंट लावता येणारं छोटं लोडर यंत्र) घेतलाय आणि रस्ता झाडायचा ब्रूम दुसरीकडून मिळवलाय. बकेट लावून दिवसभर काम केलं तरी काही तक्रार नाही. ब्रूम लावला की पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो, मग डिस्प्लेवर कोड येतो. कोडच्या शेवटी ५ असतो. ब्रश फिरत राहतो, पण ब्रूम डावी-उजवीकडे वळायचा थांबतो. मिस्त्रींनी दोनदा कॉइल (ब्रूम वळवणारा व्हॉल्व्ह विजेवर सरकवणारी तारेची गुंडाळी) बदलली, फ्यूज बदलला, कोड पुसला, तो परत आला. आता ते म्हणतायत कंट्रोलर, म्हणजे यंत्राचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेलाय. इकडे टॅक कोट (नव्या थराआधीचा डांबराचा पातळ हात) मारायच्या आधी रस्ता झाडून द्यायचं काम अंगावर आहे. तर कंट्रोलर घ्यावा का?

आज तरी घेऊ नका. कदाचित शेवटी तोच निघेल, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं म्हणायला अजून काहीच हातात नाही. मी वीस-बावीस वर्षं याच यंत्रांच्या वायरिंगमध्ये हात घालतोय. त्यात अटॅचमेंट लावल्यावरच येणाऱ्या कोडसाठी खरोखर कंट्रोलर बदलावा लागला अशा वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक तर माझीच चूक होती, ती पुढे सांगतो.

आधी खरा प्रश्न काय आहे ते बघू. ब्रश फिरतोय म्हणजे ऑक्झिलरीचं, म्हणजे अटॅचमेंटसाठीच्या वेगळ्या लाइनचं, तेल ब्रूमपर्यंत पोचतंय, हायड्रॉलिक पंप आणि कपलर ठीक आहेत. वळवायचं काम ब्रूमवरचा वेगळा व्हॉल्व्ह करतो, आणि तो विजेवर सरकतो. तुम्ही जॉयस्टिकवरचं बटण दाबलं की कंट्रोलरमधून करंट निघतो, केबिनच्या मागून बूमच्या (उचलणाऱ्या हाताच्या) वायरिंगमध्ये जातो, बूमच्या टोकाच्या प्लगमधून ब्रूमच्या वायरिंगमध्ये आणि तिथून कॉइलमध्ये. मग अर्थच्या वायरने परत. या रांगेत सहा-सात ठिकाणं आहेत. मिस्त्रींनी एक टोक दोनदा बदललं आणि आता दुसरं टोक बदलायचं म्हणतात. मधलं कुणी पाहिल्याचं तुमच्या लिहिण्यात नाही.

आता तो ५. तुमच्या यंत्राचे कोड कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांत असतील तर पुस्तक लागेल. पण जे१९३९ या, अवजड वाहनांत सर्रास चालणाऱ्या पद्धतीचे असतील, आणि तुम्ही लिहिलेल्या ठेवणीवरून तसंच दिसतंय, तर कोडचे दोन भाग असतात. पहिला लांब आकडा म्हणजे एसपीएन, तो कुठल्या सर्किटबद्दल बोलतोय ते सांगतो. शेवटचा एफएमआय, म्हणजे तक्रार कसली आहे ते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त किंवा प्लसला शॉर्ट, ४ म्हणजे व्होल्टेज कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट ओपन, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला टेकलेली. एक गोम अशी की सेन्सरच्या बाबतीत वायर तुटली तरी बऱ्याचदा ३ येतो, कारण कंट्रोलर आतून त्या वायरीला व्होल्टेज देऊन ठेवतो आणि वायर तुटली की ते तसंच वर राहतं. तुमचं प्रकरण कॉइलचं आहे, तिथे ५ चा अर्थ सरळ आहे: कंट्रोलरने करंट ढकलला, पण अपेक्षेइतका गेला नाही.

कंट्रोलरला कॉइल दिसत नसते, त्याला फक्त करंट किती गेला एवढंच कळतं. कॉइल जळली, पिन मागे सरकली, वायर आतून तुटली, अर्थला गंज धरला, यातलं काहीही झालं तरी तो ५ च लिहिणार. म्हणून कोड वाचून सुटा भाग मागवणं म्हणजे पोटात दुखतंय एवढ्यावर ऑपरेशनची तारीख घेणं.

आणखी एक गोष्ट मला खटकतेय. दोनदा बदललेली कॉइल कुठून आणली? आपल्याकडे मोठी पोकलेन, टिपर ही बहुतेक २४ व्होल्टवर चालतात, त्यामुळे दुकानात २४ ची कॉइल पटकन मिळते. स्किड लोडर १२ व्होल्टचा. दोन्ही कॉइल दिसायला सारख्या, भोक तेच, कनेक्टर तोच, फक्त अंगावर बारीक अक्षरांत छापलेला आकडा वेगळा. समजा कॉइल २० वॅटची आहे. १२ व्होल्टची असेल तर तिचा रेझिस्टन्स साधारण ७ ओहम आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास. त्याच वॅटची २४ ची कॉइल १२ वर लावली तर रेझिस्टन्स २९ च्या जवळ आणि करंट अर्ध्या अँपिअरलाही पोचत नाही. कंट्रोलर म्हणतो ‘करंट कमी’, आणि ते अगदी खरं असतं. तुमचा कोड पहिली कॉइल बदलायच्या आधीपासून येतोय, त्यामुळे हे मूळ कारण असणार नाही. पण मूळ दोषावर दुरुस्तीचा दोष चढलेला असू शकतो, आणि अशा वेळी माणूस खरा दोष काढूनही ‘काही फरक पडला नाही’ म्हणत बसतो. आधी कॉइलवरचा छाप वाचा आणि मल्टिमीटरने ओहम मोजा. १२ व्होल्टच्या बहुतेक कॉइल मला ५ ते १० ओहममध्ये सापडल्यात.

मोजताना कॉइल थंड आहे की गरम तेही लिहून ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सकाळी २५ अंशांवर ८ ओहम असलेली कॉइल तापून शंभरावर गेली की साडेदहाच्या जवळ जाते. हे नॉर्मल आहे, त्यावरून कॉइल टाकून देऊ नका. पण गरम झाल्यावर मीटर एकदम ‘ओएल’ (मापाबाहेर, म्हणजे सर्किट ओपन) दाखवू लागला तर मात्र आतली तार तुटलेली आहे, ती तापली की फाकते. तुमचा दोष पंधरा-वीस मिनिटांनी येतो, म्हणून सकाळी थंड यंत्रावर केलेली सगळी तपासणी ‘ओके’ येणारच. दोष हजर असताना मोजायचं. कोड येईपर्यंत काम करा आणि मग लगेच मीटर लावा. चहाला जाऊन आलात तर गेला तो.

आता मुख्य युक्ती. ही मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही, काम करता करता हाताला लागली: कोड पुसत बसू नका, कोड बदलतोय का ते बघा.

समजा कोड ६ असता, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. मी बूमच्या टोकाचा प्लग काढला असता आणि बटण दाबलं असतं. आता ६ च्या जागी ५ आला तर शॉर्ट ब्रूमकडे आहे, कारण ब्रूम तोडल्यावर कंट्रोलरला सर्किट ओपन दिसू लागलं. ६ तसाच राहिला तर शॉर्ट यंत्राकडेच. एका प्लगने अर्धं काम संपतं. तुमचा आधीच ५ आहे, म्हणून उलटं करायचं. प्लगजवळ कंट्रोलरला एक नक्की चांगली कॉइल द्यायची आणि ५ जातो का ते बघायचं.

चांगली कॉइल कुठून आणायची? मिस्त्रींनी पहिल्यांदा काढलेली मूळ कॉइल फेकली नसेल तर शोधून काढा. ती कंपनीची आहे, १२ ची आहे आणि बहुधा काही झालेलं नसताना काढलेली आहे. थंड आणि गरम दोन्ही वेळा ओहम नीट येत असतील तर या कामाला तिच्याइतकं चांगलं हत्यार नाही. पुष्कळ लोक इथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतात, मीही लावतो, त्याचा करंट साधारण कॉइलइतकाच. पण थंड बल्ब पहिल्या क्षणी कितीतरी जास्त करंट ओढतो, आणि काही कंट्रोलर त्यालाच शॉर्ट समजून ६ टाकतात. मग माणूस आणखी गोंधळतो. एलईडीचा टेस्टर तर इथे अजिबात कामाचा नाही, तो इतका कमी करंट घेतो की ५ जाणारच नाही.

कुठल्या पिनेला कॉइल लावायची ते आधी ठरवावं लागेल. १४ पिनांचे प्लग दिसायला सारखे असले तरी कुठल्या पिनेवर काय, ही वाटणी कंपनीगणिक बदलते, आणि तुमचा ब्रूम दुसरीकडून आलाय, त्यामुळे हा मुद्दा सोडू नका. पुस्तक नसेल तर ब्रूमच्या बाजूने शोधा. कॉइलचा कनेक्टर काढा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक कॉइलच्या वायरीला आणि दुसरं प्लगच्या एकेका पिनेला. बीप वाजली ती पिन लिहून घ्या. दोन्ही वायरींचं करा. बीप वाजलीच नाही तर दोष तिथेच सापडला. पिनांच्या भोकात टोकदार प्रोब मात्र खुपसू नका, पिन सैल होते आणि नवा दोष तयार होतो. त्याच मापाची सुटी पिन तारेला क्रिम्प करून ठेवा.

हे करताना दोन माणसं लागतील. एकाने सीटवर बसून, सीटबार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) खाली घेऊन बटण दाबायचं. सीटबार वर असेल किंवा सीट रिकामी असेल तर कंट्रोलर ऑक्झिलरीचे आउटपुट बंदच ठेवतो. मी असे मिस्त्री पाहिलेत जे बाहेर उभं राहून मीटर लावतात, शून्य व्होल्ट बघतात आणि ‘कंट्रोलरमधून सप्लायच नाही’ असा निकाल देतात. तुमच्याकडे असं झालं नाही ना, विचारून घ्या. आणि सीट स्विचला वायर मारून तो बायपास करायचा मोह आवरा. बूम खाली, ब्रूम जमिनीवर टेकलेला, चावी चालू पण इंजिन बंद, एवढ्यावर आउटपुट मिळत असेल तर इंजिन चालवूच नका. काही यंत्रं इंजिन चालू असल्याशिवाय आउटपुट देत नाहीत. तसं असेल तर बाहेरच्या माणसाने ब्रशपासून लांब राहायचं.

आता निकाल. प्लगवर चांगली कॉइल लावली आणि ५ गेला तर यंत्र, बूमची वायरिंग आणि कंट्रोलर सगळे सुटले. दोष ब्रूममध्ये आहे. ५ राहिला तर दोष प्लगपासून मागे आहे, पण तरीही कंट्रोलरवर उडी मारू नका. मध्ये बूमची वायरिंग आहे.

तुमचं वर्णन वाचून माझा कौल ब्रूमच्या बाजूला जातो, आणि त्यातही अर्थकडे. कारण विचारतो: कोड येतो तेव्हा पाण्याचा पंप चालू असतो का? धूळ बसवायला ब्रूमवर पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप असतो. सुरुवातीला रस्ता जरा ओला असतो, पंप बंद असतो, धूळ उडू लागली की ऑपरेटर पंप लावतो. बऱ्याच ब्रूमवर पंप आणि कॉइल दोघांची परतीची वायर एकच असते. पंप ७ अँपिअर घेतो असं धरा. त्या सामाईक अर्थमध्ये गंजामुळे फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तर साडेतीन व्होल्ट तिथेच गळतात. कॉइलच्या वाट्याला १३.८ ऐवजी दहाच्या आसपास उरतात. करंट घटतो, व्हॉल्व्ह पूर्ण सरकत नाही, कोड ५. पंप बंद केला की सगळं सुरळीत. अर्धा ओहम ही गोष्ट साध्या मीटरच्या वायरींतच हरवून जाते, म्हणून ओहमवर मोजून हा दोष कधी सापडत नाही. मीटर व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक कॉइलच्या अर्थच्या पिनेला कनेक्टरच्या मागून, आणि पंप व कॉइल दोन्ही चालू करा. ०.३ च्या आत आलं तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर शोधायला लागा. दोन-तीन व्होल्ट आले तर चोर सापडला.

मीटरने पोकळ व्होल्टेज बघण्यात हाच धोका असतो. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी कॉइल काढून मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. भार टाकला की कळतं.

अर्थ खराब निघाला म्हणून ब्रूमच्या बॉडीवरून सरळ अर्थ घेऊ नका. ब्रूम यंत्राला फक्त क्विक कपलरच्या लोखंडाने टेकलेला असतो, मध्ये रंग, ग्रीस आणि माती. काही कंट्रोलर कॉइल अर्थच्या बाजूने चालू-बंद करतात किंवा परतीचा करंट मोजतात, तिथे असा उपद्व्याप केला तर बटण न दाबताच ब्रूम वळेल, नाहीतर नवा कोड येईल. परतीची जी वायर आहे तीच दुरुस्त करा.

आता माझी चूक. लोणंदच्या पुढे एका साइटवर असाच लोडर होता, फक्त अटॅचमेंट खड्डे पाडायच्या ऑगरची. कोड यायचा, जायचा. मी दोन दिवस घालवले, शेवटी कंटाळून मालकाला कंट्रोलर घ्यायला लावला. बसवला, अर्धा दिवस चालला, कोड परत. मालक काही बोलला नाही, पण त्याने माझ्यासाठी चहा मागवला नाही, तेवढ्यावरून कळलं. संध्याकाळी उन्हं तिरपी आली तेव्हा प्लग हातात धरून आत बघितलं. चौदा पिनांतल्या तेरा एका रेषेत चमकत होत्या, एक दोन-तीन मिलिमीटर आत बसली होती. तिचं मागचं लॉक तुटलेलं. प्लग जोडला की ती जेमतेम टेकायची, यंत्र हादरलं की सुटायची. नवी पिन आणि लॉक बसवायला वीस मिनिटं लागली. कंट्रोलर परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. त्याचे निम्मे पैसे मी माझ्या कामात वळते करून दिले. तेव्हापासून प्लग उजेडात धरून आत बघितल्याशिवाय मी मीटर पिशवीतून काढत नाही.

तुम्हीही तेच करा. पिना एका रेषेत आहेत का, हिरवट गंज आहे का, रबरी सील जागेवर आहे का. अटॅचमेंट पावसाळाभर शेडबाहेर पडलेली, प्लगचं झाकण हरवलेलं, तोंड वर करून लोंबतोय, हे चित्र प्रत्येक यार्डात दिसतं. वरून प्रेशरच्या पाण्याने धुणं. गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक नायलॉन ब्रश वापरा, पॉलिश पेपर नको. पिनेवरचा मुलामा गेला की ती परत लवकर गंजते.

प्लग स्वच्छ निघाला आणि दोष यंत्राच्या बाजूला ठरला तर बूमच्या सांध्याजवळची वायरिंग बघा. बूम दिवसातून शेकडो वेळा वर-खाली होतो आणि वायर त्याच जागी वाकते. आतलं तांबं तुटतं, बाहेरचं इन्सुलेशन शाबूत असतं, नुसतं बघून काही कळत नाही. अशी वायर दोन्ही हातांत धरून हलकेच ताणा. चांगली वायर ताणली जात नाही. आत तुटलेली असेल तर तेवढ्याच जागी इन्सुलेशन रबरासारखं लांबतं आणि बारीक होतं. बोटांना लगेच जाणवतं. बूम वर असतानाच कोड येतो आणि खाली घेतल्यावर जातो असं असेल तर आधी इथेच या. बूम वर ठेवून हात घालायचा असेल तर बूमचा लॉक लावल्याशिवाय खाली जाऊ नका, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर तर नाहीच. जोड देताना तारा पिळून टेप गुंडाळू नका, क्रिम्प करून वरून गोंदवाली हीट श्रिंक चढवा.

एक शक्यता राहिली. काही ब्रूमवर स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि तो यंत्राशी कॅनच्या, म्हणजे कंट्रोलरांनी एकमेकांशी बोलायच्या, दोन वायरींवर बोलतो. मग तक्रार ५ ची न येता संवाद तुटल्याची येते, एफएमआय बहुधा ९ किंवा १९. तिथे बॅटरी काढून दोन कॅन वायरींमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आलं तर वायरी एकमेकींना टेकल्यात. तुमच्याकडे ५ आहे आणि बाकी काही नाही, म्हणून मी यावर जास्त वेळ घालवत नाही.

मग कंट्रोलर कधी? चांगली कॉइल सरळ कंट्रोलरच्या कनेक्टरजवळ लावून, त्याचा सप्लाय आणि अर्थ भारावर मोजून ठीक असताना, सीटबार खाली असताना, बटणाचा सिग्नल पोचतोय हे डिस्प्लेवर दिसत असताना आउटपुट येत नसेल, तर हो, तो गेलाय. घ्यायच्या आधी एवढं विचारा की पूर्वी कुणी ब्रूमवर वेल्डिंग केलं होतं का. अटॅचमेंट जोडलेली असताना, बॅटरी न काढता वेल्डिंग केलं की कंट्रोलर जाण्याची शक्यता खरोखर असते. आणि नवीन कंट्रोलर नुसता बसवून चालत नाही, त्यात यंत्राची सेटिंग डीलरच्या लॅपटॉपवरून भरावी लागते. तो खर्च भावात धरलाय का ते आधीच ठरवून घ्या.

मला तीन गोष्टी कळवा: सध्या बसवलेल्या कॉइलवर छापलेला व्होल्टेज आणि तिचे गरम ओहम, पाण्याचा पंप चालू असताना अर्थवर किती व्होल्ट येतात ते, आणि प्लगवर जुनी कॉइल लावल्यावर ५ गेला की राहिला. प्लगच्या आतला एक फोटोही पाठवा, उन्हात काढलेला.